रांगेत आधी कोण? तारघरापासून हदगावच्या राऊटरपर्यंत

पैनगंगेच्या अलीकडे हदगाव, पलीकडे उमरखेड. शंभर वर्षांपूर्वी ही नदी दोन कारभारांची सीमा होती. हदगाव निजामाच्या हैदराबाद राज्यात, तर उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे १८५३पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. आज दोन्ही काठांवर एकच तक्रार ऐकू येते. संध्याकाळी घरातल्या एकाचा ऑनलाइन वर्ग चालू असतो, दुसरा खेळात गुंतलेला असतो, तिसऱ्याचा मोबाइल दिवसभरातले फोटो गुपचूप वर चढवत असतो. अचानक शिक्षकाचा आवाज तुटतो, चेहरा गोठतो, खेळातला गडी भिंतीत अडकतो. मग सगळा दोष ‘स्पीड’च्या माथी मारला जातो आणि अधिक महागडा प्लॅन घेतला जातो. पुढच्या महिन्यात आवाज पुन्हा तुटतो.

दोष बहुतेक वेळा वेगाचा नसतो, रांगेचा असतो. आणि रांगेत आधी कोणी जायचे हा प्रश्न राऊटरहून कितीतरी जुना आहे. हा धागा त्याच प्रश्नाचा आहे.

भारतात विजेच्या तारेचा पहिला प्रयोगमार्ग विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर असा १८५०च्या सुमारास टाकला गेला. १८५४मध्ये मुंबई आग्र्यामार्गे कलकत्त्याशी जोडली गेली आणि १८५५पासून सामान्य लोकांना पैसे भरून तार पाठवता येऊ लागली. तारेतून संदेश विजेच्या वेगाने जातो, हे खरे. पण तार एक आणि संदेश अनेक. मधल्या प्रत्येक मोठ्या ठाण्यावर तारमास्तर संदेश उतरवून घेई, कागद ढिगात ठेवी आणि पुढची तार मोकळी झाली की तो पुन्हा ठोकून रवाना करी. म्हणजे प्रत्यक्ष प्रवासाला क्षण लागत आणि ढिगात पडून राहण्याला तास. संगणकाच्या जाळ्याचा सगळा इतिहास या एका वाक्यात मावतो, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ढीग झाला की क्रम ठरवावा लागतो. तार खात्याने दोन कसोट्या लावल्या. पहिली अधिकाराची: सरकारी तार खाजगी तारेच्या आधी. दुसरी दामाची: जास्त पैसे भरणाऱ्याची ‘अर्जंट’ किंवा पुढच्या काळातली ‘एक्स्प्रेस’ तार आधी, साधी तार मागाहून. पुढे टेलिफोन आला तरी हीच रीत टिकली. साठ-सत्तरच्या दशकांत तालुक्याच्या गावाहून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. लाइटनिंगचा दर साध्याच्या कित्येक पट. घरातल्या आजोबांना विचारले तर त्या प्रतीक्षेच्या कथा अजून मिळतील. ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची एसटीडी सोय देशात प्रथम १९६०मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाली, आणि गावोगावी पोचायला तिला पुढे अनेक वर्षे लागली. तारसेवा तर २०१३च्या जुलैपर्यंत चालली.

या व्यवस्थेत एक गोष्ट चोख होती. कोणीही उगाच ‘अर्जंट’ लिहीत नसे, कारण त्या शब्दाचे पैसे पडत. प्राधान्याला किंमत होती, म्हणून प्राधान्याला अर्थ होता. अन्याय मात्र उघड होता. सावकाराचा भाव आधी पोचे, मजुराचा निरोप नंतर.

आता समुद्रापार जावे लागेल. सप्टेंबर १९८१मध्ये इंटरनेटच्या मूळ नियमावलीचा, आयपीचा, दस्तऐवज प्रसिद्ध झाला. प्रत्येक पॅकेटच्या कपाळी जी माहितीची पट्टी असते, तिच्यात तीन बिटांची एक जागा निव्वळ अग्रक्रमासाठी राखून ठेवली होती. तीन बिटांच्या आठ पायऱ्या होतात. त्यांची नावे वाचली की तारघराचा वास येतो: सर्वांत खाली रूटीन, मग प्रायॉरिटी, मग इमिजिएट, मग फ्लॅश. ही अमेरिकी लष्कराच्या संदेशवहनातली नावे होती. इंटरनेट जन्मले तेव्हाच त्याच्या अंगावर तारेच्या जमान्याचे शिक्के होते.

पण एक फरक राहून गेला, आणि तोच महागात पडला. पॅकेटवर ‘फ्लॅश’ लिहायला पैसे पडत नव्हते. जिथे सगळेच स्वतःला तातडीचे म्हणवू शकतात तिथे तातडी उरत नाही. त्यामुळे ती तीन बिटे बहुतांश जाळ्यांनी वर्षानुवर्षे दुर्लक्षित ठेवली.

दरम्यान रस्ते तुंबू लागले. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर होते जेमतेम ४०० यार्ड. चालत जाऊन चिठ्ठी देणे जलद पडले असते! पॅकेट हरवले की पाठवणारा संगणक ते पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, आणखी पॅकेटे हरवत, आणखी पुन्हा पाठवली जात. व्हॅन जेकबसन यांनी १९८८च्या निबंधात याचा उलगडा केला आणि पाठवणाऱ्यानेच गर्दी ओळखून हात आखडता घ्यावा अशी शिस्त टीसीपीत घातली. ती शिस्त आजही प्रत्येक मोबाइलमध्ये चालू आहे.

त्याच सुमाराची आणखी एक घटना इतिहासाच्या विद्यार्थ्याला अधिक रोचक वाटावी. अमेरिकेतल्या महासंगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट तेव्हा ५६ किलोबिटच्या वाहिन्यांवर चालत होते. मोठ्या फायलींच्या वाहतुकीमुळे दूरच्या संगणकावर बसल्या जागी काम करणाऱ्यांची एकेक कळ उमटायला वेळ लागे. चालकांनी तोडगा काढला: कळा दाबून चाललेल्या कामाची पॅकेटे आधी सोडायची, फायली मागे ठेवायच्या. लोकांना वाटले जाळे सुधारले. वस्तुतः वेग तेवढाच होता, क्रम बदलला होता. आणि याचा गाजावाजा त्यांनी मुद्दाम केला नाही. कळले असते तर प्रत्येकाने आपली फाइल त्याच वेषात पाठवली असती. अधिकार आणि दाम यांच्या जोडीला प्राधान्याचा हा तिसरा मार्ग, गुप्ततेचा. तो फार काळ टिकणारा नव्हताच.

चौथा मार्ग जॉन नेगल या अभियंत्याने दाखवला. डिसेंबर १९८५च्या एका टिपणात त्यांनी एक विचित्र प्रश्न घेतला: मधल्या यंत्राकडे पॅकेटे साठवायला अमर्याद जागा असली तर? सामान्य समज असा की जागा जितकी मोठी तितके बरे, काही सांडणार नाही. नेगल यांनी दाखवले की असे जाळे उलट निकामी होईल. रांग इतकी लांबेल की पॅकेट पुढे सरकेपर्यंत त्याची मुदत संपलेली असेल. त्यांचा उपाय साधा होता. सगळ्यांची एकच रांग नको. प्रत्येक पाठवणाऱ्याची वेगळी रांग करा आणि आळीपाळीने प्रत्येकाचे एकेक पॅकेट सोडा. अधाशीपणाने भाराभर पाठवणाऱ्याची स्वतःचीच रांग लांबेल, शेजाऱ्याची नव्हे.

ही कल्पना मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. ईसापूर धरणाच्या कालव्यांवर शेती करणारी कुटुंबे या भागात पुष्कळ. कालव्याच्या तोंडाशी रान असणाऱ्याने वाटेल तेवढे पाणी घ्यायचे ठरवले तर टेलच्या शेताला थेंब पोचत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या सिंचनात शेजपाळीची पद्धत रुळली: पाणी ठरलेल्या क्रमाने, रीतीप्रमाणे शेवटच्या शेतापासून वरच्याकडे, ज्याच्या त्याच्या पाळीला. खानदेशात पांझरेच्या काठची फड पद्धत तर याहून कितीतरी जुनी. तिथे गावकरीच पाळ्या राखत आले. पाळी मोडणाऱ्यावरून गावोगाव भांडणे झाली, पण पाळीच नसावी असे कोणी म्हटले नाही. नेगल यांनी पॅकेटांसाठी मागितली ती पाळीच होती. कालवा आणि जाळे यांत एक फरक तेवढा ध्यानात ठेवावा: शेताची पाळी दिवसांनी येते, पॅकेटाची सेकंदाच्या हजाराव्या भागात.

१९८९मध्ये डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि शेंकर यांनी या ‘न्याय्य रांगे’ची गणिती मांडणी केली. अडचण अशी की पॅकेटे लहानमोठी असतात. पाळी पॅकेटांवर मोजली तर मोठी पॅकेटे पाठवणारा फायद्यात राहतो. बाइटांवर काटेकोर मोजावी तर यंत्राला हिशेबाचा भार सोसत नाही. १९९५मध्ये एम. श्रीधर आणि जॉर्ज वर्गीस यांनी यावर सोपी युक्ती दिली. वर्गीस हे पवईच्या आयआयटीचे १९८१चे पदवीधर. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक रांगेला प्रत्येक फेरीत ठरावीक बाइटांचा शिधा मिळतो. पुढचे पॅकेट शिध्यात बसत नसेल तर ते थांबते, पण उरलेला शिधा वाया जात नाही. तो त्या रांगेच्या खात्यावर पुढच्या फेरीसाठी जमा राहतो. किराणा दुकानातल्या वहीसारखा हा हिशेब. बेरीज आणि वजाबाकीपलीकडे यंत्राला काही करावे लागत नाही, म्हणूनच ती पद्धत स्वस्तातल्या राऊटरलाही पेलते. घरगुती राऊटरांचे आजचे अनेक उपाय याच वहीवर उभे आहेत.

आता भारतात परतू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ म्हटले गेले, आणि २००५मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा फोनच्या त्याच तांब्याच्या तारेवरून घरांत शिरली. या २५६ किलोबिटचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पूर्ण भरलेले एक पॅकेट १,५०० बाइटांचे, म्हणजे १२,००० बिटांचे. २५६ किलोबिटच्या वाटेवर ते जायला सुमारे ४७ मिलिसेकंद लागतात. मोडेमच्या पोटात २५६ किलोबाइटांची साठवण असेल आणि ती भरली, तर तिच्या शेपटाला लागलेल्या पॅकेटाला बाहेर पडायला आठ सेकंद लागतील. आवाजाच्या संभाषणाला एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा विलंब सुसह्य मानतात. आठ सेकंदांत माणूस ‘हॅलो’ म्हणून फोन ठेवून देतो.

वेग वाढले, पण साठवण त्याहून वेगाने वाढली. मेमरी स्वस्त झाली आणि बनवणाऱ्यांनी ती यंत्रांत सढळ हाताने भरली. एकही पॅकेट सांडू नये ही त्यामागची सद्बुद्धी! पण जेकबसन यांची शिस्त पॅकेट सांडण्यावरच चालते: सांडले की पाठवणारा समजतो, गर्दी आहे, हळू चला. काही सांडलेच नाही तर तो पाठवतच राहतो आणि रांग फुगत जाते. २०१०मध्ये जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना आपल्याच घरच्या जोडणीवर हा प्रकार आढळला. घरातल्या मुलांची इंटरनेट मंद असल्याची कुरकुर आणि मोठ्या फायली वर चढण्याच्या वेळा यांचा मेळ त्यांनी लावला. या फुगीला त्यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. नेगल यांचा इशारा पंचवीस वर्षांनी घरोघरच्या डब्यांत खरा ठरला होता.

उपायही लवकर आला. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे ती पाहत नाही. पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळले हे पाहते. ताटकळणे सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहिले, साधारण १०० मिलिसेकंद राहिले, की ती एखादे पॅकेट मुद्दाम टाकून देते आणि पाठवणाऱ्याला इशारा पोचतो. त्याच वर्षी एरिक डुमाझे यांनी तिला न्याय्य पाळीची जोड दिली आणि ‘एफक्यू-कोडेल’ लिनक्समध्ये दाखल झाले. त्यात एक बारकावा फार सुंदर आहे. जी रांग नुकतीच उघडली आहे आणि थोडेसेच पाठवते आहे, तिला आधी सोडले जाते. फोनवरचा आवाज, खेळातली एक हालचाल, संकेतस्थळाचा पत्ता विचारणारे पॅकेट, ही सगळी मुळात लहान आणि विरळ. कोणी ‘अर्जंट’ असा शिक्का न मारता ती आपोआप पुढे निघतात. ज्याला थोडे हवे त्याला थांबवायचे नाही, ज्याला खूप हवे त्याने पाळीने घ्यायचे. दाम नाही, अधिकार नाही, गुपितही नाही.

हे सगळे पिंपळाच्या पारावर बसून सांगण्यासारखे असले तरी शेवटी ते एका डब्यात बसवावे लागते, आणि तिथेही एक इतिहास आहे. २००२च्या अखेरीस बाजारात आलेल्या लिंकसिसच्या निळ्या-काळ्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरात लिनक्स होते. त्या परवान्यानुसार त्याची मूळ संहिता कंपनीला खुली करावी लागली. तिच्यातून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि जगभरच्या हौशी अभियंत्यांना घरचा राऊटर उघडून दुरुस्त करता येऊ लागला. डेव्ह टॅट यांनी आपल्या आयुष्यातली अनेक वर्षे हीच दुरुस्ती फुकट वाटण्यात घालवली. एप्रिल २०२५मध्ये ते गेले. जोनाथन मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी रचलेली ‘केक’ ही पुढची पायरी २०१८मध्ये लिनक्समध्ये आली. ती पाळी आधी घरातल्या यंत्रांमध्ये वाटते, मग त्या यंत्राच्या जोडण्यांमध्ये. त्यामुळे एकाच वेळी पन्नास जोडण्या उघडणाऱ्या टॉरंटला पन्नास वाटे मिळत नाहीत, त्या संगणकाचा एकच वाटा मिळतो.

हदगावच्या घरात याचा उपयोग कसा करायचा? राऊटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम असे पान असते. जुन्या धाटणीच्या क्यूओएसमध्ये यंत्रांची यादी येते आणि प्रत्येकापुढे हाय, मीडियम, लो असे पर्याय. हे सरळ तारघराचे वंशज. ते वापरावे, पण एकाच यंत्राला हाय द्यावे. सगळ्यांनाच हाय दिले की १९८१च्या तीन बिटांची गत होते. एसक्यूएम असेल तर ते अधिक बरे. कोणत्याही प्रकारात एक काम मात्र टळत नाही: घरात इतर कोणी वापरत नसताना वेग मोजायचा आणि चढता व उतरता असे दोन्ही आकडे त्याच्या ८५ ते ९० टक्के भरायचे. वेग विकत घेऊन तो स्वतःच कमी करायचा हे अनेकांना पटत नाही. कारण असे आहे की रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. ती जागा कंपनीच्या यंत्रात असेल तर तिथल्या रांगेवर घरच्याचा हुकूम चालत नाही. आपला दरवाजा किंचित अरुंद केला की रांग आपल्या अंगणात लागते, आणि अंगणातली पाळी आपण ठरवू शकतो. चढत्या दिशेचा आकडा विशेष जपावा. फोटो आणि व्हिडिओ वर चढवताना हीच दिशा तुंबते. सिमकार्डावर चालणाऱ्या राऊटरचा वेग तासातासाला बदलतो, म्हणून तिथे संध्याकाळचा, गर्दीच्या वेळचा आकडा धरावा.

फरक पडला की नाही हे पिंगवरून कळते. एकदा सगळे शांत असताना पाहावे, एकदा मोठी फाइल वर चढत असताना. १५-२० मिलिसेकंदांचे पिंग फाइल चढताना ४००वर जात असेल तर रांग फुगली आहे. ३०-४०वर राहिले तर पाळी नीट चालली आहे.

काही गोष्टी मात्र राऊटरच्या हाती नाहीत. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हदगाव ते मुंबई सुमारे ६०० किलोमीटर धरले तर जाण्यालाच तीन मिलिसेकंद लागणार, आणि वाटेतली यंत्रे त्यात आपली भर घालणार. रस्त्याच्या कामात केबल तुटली किंवा लाइट गेली तर रांगच उरत नाही. आणि संध्याकाळी कंपनीची स्वतःचीच वाट भरून वाहत असेल तर अंगणातल्या पाळीने तिथली गर्दी हटत नाही.

तिथे प्रश्न पुन्हा सार्वजनिक होतो. कंपनीने पैसे देणाऱ्या संकेतस्थळाला पुढे सोडावे का, यावर २०१५मध्ये देशभर वाद पेटला. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी संकेतस्थळ पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली, आणि जुलै २०१८मध्ये सरकारने जाळ्याच्या तटस्थतेची तत्त्वे मान्य केली. दूरवरून होणाऱ्या शस्त्रक्रियेसारख्या सेवा त्यांतून वगळल्या. तारघरात जी गोष्ट दरपत्रकावर छापलेली असे, ती आज कंपनीला करता येत नाही. घरात मात्र करता येते. नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या ऑनलाइन मुलाखतीच्या वेळी तिच्या लॅपटॉपला हाय आणि भावाच्या खेळाला लो द्यायचे की उलट, हे कोणताही नियामक सांगणार नाही. ते ज्याच्याकडे राऊटरचा पासवर्ड आहे तो ठरवतो, आणि पुष्कळ घरांत तो पासवर्ड अजून डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर, बसवणारा ठेवून गेला तसाच आहे.